राजाचे बन आणि ऑक्टोबरचा वणवा

१३ ऑक्टोबर २०१७ रोजी फातिमा येथे पवित्र मातेच्या शेवटच्या दर्शनाची शताब्दी साजरी झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, रविवारी १५ तारखेला, त्याच लैरिया-फातिमा धर्मप्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावरील सुमारे सातशे वर्षांचे एक अरण्य जळून गेले. शताब्दीचा वृत्तांत आपण सर्वांनी भक्तिभावाने वाचला. या अरण्याची कथाही वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते, कारण तिचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

पोर्तुगीज लोक या अरण्याला 'राजाचे बन' म्हणतात. हा राजा म्हणजे दिनिश. त्याने १२७९ पासून १३२५ पर्यंत राज्य केले व शेतीविषयीच्या आस्थेमुळे प्रजेने त्याला 'शेतकरी राजा' ही पदवी दिली. ख्रिस्तसभा ज्यांचा सण ४ जुलैला पाळते, त्या पोर्तुगालच्या संत एलिझाबेथ त्याच्या राणी होत. लागवड दिनिशच्या आधीच सुरू झाली असावी, असे अभ्यासक म्हणतात. परंतु लोकस्मृतीने श्रेय त्यालाच दिले आहे. अटलांटिक महासागराच्या वाऱ्याने उडणारी वाळू शेतांवर चढू लागली, तेव्हा तिला थोपविण्यासाठी पाईनची झाडे लावण्यात आली. वसईच्या किनाऱ्यावर सुरूचे बन का उभे केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचा वेगळा खुलासा नको.

वाळू थांबली आणि बन वाढले. त्याचा विस्तार सुमारे ११,००० हेक्टरांचा झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांसाठी येथून लाकूड गेले आणि फळ्यांच्या सांधी बुजविण्यासाठी राळेचे डांबरही. १५३४ साली सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्या काळात आपल्या बंदरांना लागलेल्या जहाजांत या बनाची एखादी फळी नसेलच, असे आमच्याने म्हणवत नाही. पुढे मात्र गोव्यात व वसईत सागाची जहाजे बांधली जाऊ लागली आणि ती पाईनच्या जहाजांपेक्षा टिकाऊ ठरली, हेही सांगितले पाहिजे.

पाईनच्या लाकडात राळ असते व झाडाखाली वाळलेल्या सुयांचा जाड थर साचतो. त्यामुळे अग्नीचे भय या बनाला जन्मापासूनचेच. वनाधिकाऱ्यांनी उभ्या-आडव्या मोकळ्या पट्ट्या काढून सारे अरण्य बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनांत विभागले आणि पहाऱ्यासाठी मनोरे उभारले. एका चौकोनात लागलेली आग पट्टीपाशी अडवावी, हा हेतू. १८२४ व २००३ साली मोठ्या आगी लागल्या, तरी बन टिकले.

२०१७ साली पाऊस रुसला. १७ जून रोजी लैरिया जिल्ह्याच्या अंतर्भागातील पेद्रोगाँव ग्रांद येथे भडकलेल्या वणव्यात ६६ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ४७ जण एकाच रस्त्यावर, पळून जाताना. पोर्तुगालची हवामान संस्था दर महिन्याला अवर्षणाचे मोजमाप करते. त्यासाठी पामर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलेला निर्देशांक वापरतात. पाऊस, तापमान व जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती यांचा हिशेब त्यात होतो. ऑक्टोबरअखेरच्या या हिशेबात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अतितीव्र अवर्षणाखाली होता आणि उरलेला तीव्र अवर्षणाखाली. कोरडा नाही असा एकही कोपरा नव्हता.

पहारा मात्र पंचांगाप्रमाणे चालला होता. सप्टेंबर संपला म्हणजे आगीचा हंगाम संपला, अशी अनेक वर्षांची रीत होती. त्यानुसार मनोऱ्यांवरील पहारेकरी व विमाने कमी करण्यात आली. पाऊस जवळ आल्याचे ऐकून अनेक शेतकऱ्यांनी काडीकचरा पेटविला, तोही रिवाजच. त्याच दिवशी ओफेलिया हे चक्रीवादळ पोर्तुगालच्या पश्चिमेकडून आयर्लंडच्या दिशेने निघाले होते व त्याचे दक्षिणेचे वारे किनाऱ्यावर सुटले. एका दिवसात देशभर पाचशेहून अधिक ठिकाणी आगी लागल्या आणि सुमारे ५० माणसे दगावली. राजाच्या बनाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जळाला. जळत्या ठिणग्या वाऱ्याबरोबर कित्येक मीटर पुढे जाऊन पडत होत्या. आखीव पट्ट्या त्यांना काय अडविणार?

यानंतर कायदे बदलले. घराभोवती ५० मीटरपर्यंत झाडोरा साफ ठेवण्याचा नियम २००६ पासून कागदावर होता. त्याची कसोशीने अंमलबजावणी २०१८ पासून सुरू झाली. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा बदल २०२१ च्या कायद्याने केला. आगीचा ठरावीक तारखांचा हंगाम त्याने मोडीत काढला आणि शेतात विस्तव पेटविण्यावरील बंदी त्या त्या दिवशी मोजलेल्या धोक्याच्या पातळीशी जोडली. महिना कोणता आहे, यापेक्षा आज गवत किती वाळले आहे, हे विचारले जाऊ लागले.

आपल्या कोकणाकडे पाहावे. येथे पाऊस मुबलक, म्हणून दुष्काळाच्या यादीत कोकणाचे नाव सहसा येत नाही. ती यादी मुख्यतः पिकांच्या स्थितीवरून ठरते. परंतु पाऊस सरला की जांभ्याच्या सड्यावरील ओल झरझर उतरते आणि फेब्रुवारीपासून वणवे लागू लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्या-काजूच्या मोहरलेल्या बागा त्यात होरपळतात. कलमे वाढविण्यात गेलेली वर्षे एका दुपारी संपतात. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना आता वनखात्याला भ्रमणध्वनीवर मिळते, ही सोय चांगली. पण ती आग लागल्यानंतरची. जाळरेषा त्याआधी, गवत पिवळे पडू लागताच काढावी लागते, आणि वाऱ्याच्या दिवशी बांधावरचा पाला कोणी पेटवीत असेल तर त्याला शेजाऱ्यानेच हटकावे लागते.

लैरियाच्या काळ्या पडलेल्या भूमीवर पुढील वर्षांत स्वयंसेवकांनी रोपे लावली आणि जमिनीत पडलेल्या बियांतूनही पाईन उगवू लागले. मात्र आगीनंतर जोमाने फोफावणारी ऑस्ट्रेलियन बाभूळही तेथे माजली आहे आणि कोवळ्या पाईनला जागा मिळावी म्हणून माणसे ती उपटून काढीत आहेत.