एका मताचा न्याय

ख्रिस्तपूर्व ४५८ मध्ये इस्किलस ह्या ग्रीक नाटककाराने अथेन्सच्या रंगभूमीवर जी शोकनाट्यत्रयी सादर केली, तिच्या तिसऱ्या नाटकात एक खटला उभा राहतो. आरोपी ओरेस्टीस. त्याने आपल्या आईचा वध केला आहे. कारण आईने त्याच्या पित्याला, राजा ॲगमेम्नॉनला, ठार केले. आणि त्या राजाने युद्धास निघताना वारा अनुकूल व्हावा म्हणून पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी दिला होता. एका हत्येतून दुसरी हत्या उपजत गेली आणि प्रत्येक हात न्यायाचेच नाव घेऊन उठला. अखेरीस अथीना देवी नगरातील नागरिकांना न्यायासनावर बसविते. मते मोजली जातात. ती समसमान भरतात. देवीचे मत आरोपीच्या बाजूस पडलेले असते, म्हणून ओरेस्टीस सुटतो.

श्रोतेहो, ह्या जुन्या खटल्याची आठवण मला होते ती हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १२ एप्रिल १९६० च्या निकालाने. तेथेही मुख्य मुद्दा एका मतावर ठरला होता, आणि वादाच्या मुळाशी मराठेशाहीतले कागद होते.

दादरा आणि नगर-हवेली हे दमणच्या किनाऱ्यापासून आत असलेले, चहूकडून भारतीय मुलखाने वेढलेले पोर्तुगीज प्रदेश. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय व इतर स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. दमणहून शिबंदी धाडावयाची तर वाट भारतातून जाणार. भारत सरकारने ती वाट अडविली. पुढे १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, १९ तारखेस त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेस भारताविरुद्ध दावा गुदरला! सालाझारच्या हुकूमशाहीला न्यायाची ओढ लागली ती अशी आठ दिवसांत.

पोर्तुगालचे म्हणणे असे, की हे प्रदेश आमच्या सार्वभौम सत्तेचे, म्हणून तेथे जाण्यायेण्याचा हक्कही आमचा. आधार दाखविला तो १७७९ च्या पुण्याच्या कराराचा. सवाई माधवराव तेव्हा बालक होते, कारभाराची सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती. दमणच्या आसपासची बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना द्यावी असे ठरले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती लावून देण्यात आली. पण दिले ते काय? राज्य, की नुसता वसूल? भारताच्या वतीने उत्तर आले, की हा केवळ सरंजाम. जहागीर, सरंजाम हे आपल्या दप्तरांतले शब्द. इतिहासाच्या तासाला मुले ते घोकतात आणि परीक्षा होताच विसरतात. त्याच शब्दांचा अर्थ हेगच्या शांतिप्रासादात पंधरा न्यायाधीशांना लावावा लागला, आणि न्यायालयाने तो भारताप्रमाणेच लावला: मराठ्यांच्या मनात वसूल देण्याचे होते, सार्वभौमत्व देण्याचे नव्हते.

तथापि न्यायालय तेथे थांबले नाही. १८१८ नंतर ह्या भागात मराठ्यांच्या जागी इंग्रज आले; त्यांनी त्या गावांवरील पोर्तुगिजांची सत्ता कधी प्रश्नात घेतली नाही, आणि पुढे भारतानेही ती मुकाट्याने चालू दिली. म्हणजे कागद एक सांगतो आणि सव्वाशे वर्षांची वहिवाट दुसरे सांगते. वहिवाटीने हक्क पिकतो, हे आपल्याकडील शेताच्या बांधावरून भांडलेल्या कोणाही माणसास ठाऊक आहे.

निकाल असा झाला: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल ह्यांना वाट वापरण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता, ११ विरुद्ध ४ मतांनी, सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा ह्यांच्यासाठी तो नव्हता, ८ विरुद्ध ७ मतांनी, आणि वाट अडविण्यात भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, ९ विरुद्ध ६ मतांनी. ह्या खटल्यापुरते नेमलेले दोन न्यायाधीश, भारताचे एम. सी. छागला आणि पोर्तुगालचे फर्नांडिस, ह्या दोघांनीही भिन्नमतपत्रिका जोडल्या.

मला ह्या निकालात अन्याय दिसत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते चोख उत्तर आहे. उणीव आहे ती प्रश्नात. हेगच्या न्यायालयात पक्षकार म्हणून उभे राहता येते ते राष्ट्रांनाच. ज्या वारली, कोकणा, धोडिया लोकांच्या पायांखालची ती जमीन होती, त्यांना तेथे उभे राहण्याची सोय नव्हती. सनदेत ते वसुलाच्या आकड्यात होते. दाव्यात ते वाटेच्या दुसऱ्या टोकाला होते. अथेन्समधल्या खटल्यात तरी वेगळे काय घडते? जिच्या रक्तापासून सारे सुरू झाले, त्या इफिजेनियाचे नावही तेथे कोणी काढीत नाही.

परंतु नाटककाराजवळ एक गोष्ट आहे, जी न्यायाधीशांजवळ नसते. ओरेस्टीस सुटून निघून गेल्यावरही त्याचे नाटक चालूच राहते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, एक चतुर्थांशाहून अधिक. आईच्या रक्ताचा जाब मागणाऱ्या सूडदेवता हरल्या आहेत. त्या अथेन्सची भूमी नापीक करण्याची धमकी देतात. अथीना त्यांना हाकलून देत नाही. तुमचा पराभव झाला नाही, मते समान होती, असे सांगून ती पुनःपुन्हा त्यांची मनधरणी करिते आणि नगराच्या भूमीत त्यांना मानाचे स्थान देते.

हेगच्या निकालानंतरचा भाग इतिहासानेच लिहिला. मुक्त प्रदेशाचा कारभार सात वर्षे तेथल्या वरिष्ठ पंचायतीने पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला. करारावर सही करता यावी म्हणून बदलानी नावाच्या एका भारतीय अधिकाऱ्यास एका दिवसापुरते त्या चिमुकल्या मुलखाचे पंतप्रधान व्हावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले. लिस्बनने हे सारे मान्य केले ते मात्र एप्रिल १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. त्याही करारावर सह्या आहेत त्या दोन सरकारांच्याच.