मांजराचे दांत आणि मनुष्याचें अन्न

ठाणें स्टेशन सोडून कल्याणकडे जाणारी आगगाडी खाडी ओलांडते, तों कळवा येतो. हा लोहमार्ग १ मे १८५४ रोजीं कल्याणपर्यंत सुरू झाला. त्या काळीं खाडीच्या दोन्ही कांठांवर आगरी-कोळ्यांची वस्ती होती, आणि तेथील मांजराला कोणी पान वाढीत नसे. जाळें झाडतांना पडलेलीं बोईचीं डोकीं, एखादी निवटी, कोळंबीचीं टरफलें आणि भाताच्या कणगीमागील उंदीर, एवढ्यावर त्याचा निर्वाह चाले.

हें अन्न त्याच्या दांतांना साजेसें होतें. वाढ पूर्ण झालेल्या मांजराच्या मुखांत ३० दांत असतात. परंतु मनुष्याप्रमाणें दळणारी सपाट दाढ त्यांत एकहि नाहीं. सुळे भक्ष्य धरतात, मागील धारदार दाढा तें कातरतात. जबडा आडवा फिरत नाहीं. उंदराचें कातडें व स्नायू फाडतांना दांत त्यांत खोलवर रुततो आणि आपोआप घासला जातो. हें घर्षण न मिळाल्यास जंतूंचा चिकट थर दांतांवर सांचतो, आणि लाळेंतील क्षारांमुळें कांहीं दिवसांतच त्याचें दगडासारखें कीटण बनतें.

मांजर उंदरांसाठीं पाळावें, हा विचार एके काळीं सरकारी वैद्यांनाहि मान्य होता. प्लेगच्या दिवसांत अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं मांजरें पाळल्यानें प्लेगला आळा बसतो, असें १९०८ सालीं एका इंग्रजी वैद्यकीय पत्रांत आग्रहानें मांडलें होतें. पुढें शहरांत बिऱ्हाडें दाटलीं, तसें मांजर घरचें लाडकें झालें आणि त्याच्या बशींत दूधभात आला. हा घास प्रेमाचा खरा. पण मांजराच्या लाळेंत पिष्ट पचविणारें द्रव्यच नसतें, आणि मऊ भात दांत घासण्याऐवजीं त्यांना चिकटून राहतो. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधहि सोसत नाहीं. टॉरिन नांवाचें प्राणिज द्रव्य आहारांत कमी पडल्यास मांजराची दृष्टि जाते, हें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९७५ सालीं दाखविलें. हृदयहि दुबळें होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. भातांत तें द्रव्य नाहीं. तेव्हां आपलें मांजर दूधभातावर सुखी आहे, असें कौतुकानें सांगणाऱ्या गृहिणीनें एकवार त्याच्या मुखांत डोकावून पाहावें.

मग मांजराला पुन्हा मासळी आणि उंदीर दिले म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. येथें दक्षिण हिंदी महासागरांतील मॅरियन बेटाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९४९ सालीं तेथील हवामान-केंद्रावर उंदरांच्या बंदोबस्तासाठीं पांच मांजरें नेण्यांत आलीं. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारें ३,४०० झाली. समुद्रपक्ष्यांचा संहार होऊं लागल्यानें त्यांचा नायनाट करावा लागला. तें काम १९९१ सालीं संपलें. मागें राहिलेल्या सुमारें तीनशें कवट्या पशुदंतवैद्यांनीं तपासल्या. मनुष्याचा एक घासहि न खातां पक्ष्यांवर जगलेल्या या मांजरांच्या दांतांवर कीटण फारच थोडें आढळलें. परंतु निम्म्याहून अधिक कवट्यांत हिरड्यांच्या विकारानें हाड झिजलें होतें! ऑस्ट्रेलियांतील रानटी व पाळीव मांजरांच्या तुलनेंतूनहि १९९८ सालीं हेंच निघालें. शिकारीनें दांत पांढरा राहतो. हिरडीखालचा रोग मात्र तिला जुमानीत नाहीं.

बाजारांतील कोरड्या दाण्यांविषयींहि असाच भ्रम आहे. साधा दाणा दांताच्या टोकाशींच फुटतो. दांतांसाठीं मुद्दाम केलेला दाणा मोठा व तंतुमय असतो आणि दांत रुतेपर्यंत फुटत नाहीं, म्हणून त्याचा थोडा उपयोग होतो. शिजविलेलीं हाडें तर देऊंच नयेत. त्यांच्या फांसा घशांत रुततात.

मांजर दुखणें लपवितें. तें बशीजवळ येऊन परत फिरतें, मान वाकडी करून चावतें, मुखास दुर्गंधि येते, आणि घरचे म्हणतात, हल्लीं फार नखरे करतें. अशा वेळीं अन्न बदलण्यापूर्वीं पशुवैद्याला दाखवावें. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून पशूंसाठीं उघडें आहे. एरव्हीं लहान मऊ ब्रशानें रोज दांत घासण्याची संवय पिलूपणींच लावतां येते. त्यासाठीं मनुष्याची टूथपेस्ट मात्र वापरूं नये; मांजर थुंकत नाहीं, सारें गिळतें.