कॅसेटचे वेष्टन आणि शेवटचे कडवे

दुसऱ्याच्या रचनेवर डल्ला मारल्याची तक्रार मराठीत निदान सतराव्या शतकापासून नोंदलेली आहे. तुकोबांच्या गाथेत सालोमालोला उद्देशून अभंग आहेत. हा सालोमालो तुकोबांचे अभंग उचली, त्यांतला ‘तुका’ काढून तेथे आपले नाव घाली आणि लोकांपुढे म्हणून दाखवी, असे परंपरा सांगते. तुकोबांचा राग कशावर आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. आपले अभंग दुसऱ्यांच्या तोंडी आहेत याची त्यांना खंत नव्हती. कीर्तनात, दिंडीत, घरोघरी म्हटले जावेत म्हणूनच ते रचलेले होते. नाममुद्रा पुसली गेली, याची चीड होती. म्हणजे नक्कल होणे आणि नाव जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कॉपीराइट हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी कळलेले होते.

‘पायरसीने कलावंत बुडतो की वाढतो?’ हा वाद ऐकताना मला ही जुनी फोड नेहमी आठवते. या वादात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, ही चोरी आहे, कलावंताच्या पोटावर पाय आहे. दुसरी म्हणते, चोरट्या प्रतींनीच कलावंत गावोगाव पोहोचला, ती फुकटची जाहिरात आहे. दोन्ही बाजू ‘कलावंत’ हा शब्द एकवचनी वापरतात. पण एका गाण्यामागे गीतकार असतो, संगीतकार असतो, गायक असतो, वादक असतात आणि ध्वनिमुद्रणाला पैसे लावणारा असतो. नक्कल या सगळ्यांच्या घरात सारखीच शिरते का?

मी वकील नाही आणि संगीताचा प्राध्यापकही नाही. नोकरी सांभाळून गेली बरीच वर्षे मी जुन्या बाजारांतून कॅसेटी गोळा करतो, गाण्यांसाठी जितक्या, तितक्याच त्यांच्या आतल्या छापील कागदासाठी. त्या कागदावर कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, पत्ता आहे की नाही, हे पाहत गेले की कॅसेटयुगाचा एक हिशेब हळूहळू उलगडतो.

त्या युगाआधीची स्थिती थोडक्यात सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची सहा-सात दशके भारतातील ध्वनिमुद्रित संगीतावर ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे लोकांच्या भाषेत कुत्र्याच्या छापाच्या एच.एम.व्ही.ची, जवळपास एकहाती सत्ता होती. तबकडी काढायला कलकत्त्याजवळच्या दमदमसारखा कारखाना लागे. कोणाचा आवाज तबकडीवर जाणार, हे मूठभर अधिकारी ठरवत. चित्रपटगीत त्यात अग्रभागी. एखाद्या तालुक्यातला शाहीर, एखादी गायन पार्टी, एखादी बोली यांना त्या दारातून प्रवेश क्वचितच मिळे.

१९६३मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली. सत्तरच्या दशकात आखातातून परतणाऱ्या कामगारांच्या सामानात टू-इन-वन दिसू लागले. कॅसेटचे वैशिष्ट्य असे, की ती वाजवणारे यंत्र ती भरूही शकते. दोन डेक समोरासमोर ठेवले की कारखाना तयार! गल्लीबोळात ‘रेकॉर्डिंग सेंटर’ निघाली. गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि संध्याकाळी भरलेली घेऊन जायची. कॅसेट ‘भरून घेणे’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. भरणाऱ्याला आणि भरून घेणाऱ्याला, दोघांनाही आपण काही बेकायदा करतो आहोत असे वाटत नसे.

कंपन्यांना मात्र ते वाटत होते. सिंगापूरहून काठमांडूला निघालेल्या कॅसेटींचा माल कलकत्ता बंदरात उतरला, तेव्हा त्यात आपल्या गाण्यांच्या चोरट्या प्रती आहेत असे सांगून ग्रामोफोन कंपनीने हरकत घेतली. नेपाळला जाणाऱ्या मालाला भारतातली ‘आयात’ म्हणायचे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला, की माल पुढे कोठेही जाणार असो, भारतात आणला की ती आयातच. त्याच वर्षी कॉपीराइट कायदा कडक झाला. किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. शिवाय ५२-अ हे नवे कलम आले. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे सक्तीचे झाले. ती तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष.

माझ्यासारख्याला या कलमाचा मोठा उपयोग होतो. पत्ता नसलेली कॅसेट पाहिली की संशय घ्यायला जागा मिळते. पण पायरसी रोखण्यासाठी केलेल्या या कलमात गायकाचे नाव छापण्याची सक्ती नाही. हक्क कंपनीकडे गेलेले असतील, तर गीतकाराच्या नावाचीही नाही. कायद्याला वेष्टनावर मालक हवा होता. रचणारा आणि गाणारा असला तर असला.

हे अनवधानाने झालेले नव्हते. मुळात कायद्याच्या लेखी ते दोघे कोठे उभे होते, ते पाहू. १९७७मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. करारात वेगळे लिहून घेतले असेल तरच रचनाकाराचा हक्क उरेल. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला स्वतंत्र टिपण जोडून गायकाला आपल्या कायद्यात संरक्षणच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तो साठच्या दशकात. त्यावरून महंमद रफी यांच्याशी झालेला मतभेद आणि काही काळ दोघांनी एकत्र न गाणे सर्वश्रुत आहे. पण गायकाच्या हक्काची तरतूद कायद्यात आली १९९४च्या दुरुस्तीने आणि अमलात आली मे १९९५मध्ये. म्हणजे कॅसेटच्या ऐन भराच्या काळात गायकाचा असा कोणताही हक्क नव्हता, जो चोरट्या प्रतीने मोडला जावा! त्याचे ‘नुकसान’ मोजायला कायद्यात मापच नव्हते.

आता बाजाराकडे वळू. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचे ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३चे पुस्तक उत्तर भारतावर आहे, पण त्यातले आकडे देशाचे चित्र दाखवतात. त्यांच्या मते ध्वनिमुद्रित संगीताची विक्री १९८०मध्ये सुमारे १२ लाख डॉलर होती. १९८६मध्ये ती १ कोटी २० लाखांवर आणि १९९०मध्ये २ कोटी १० लाखांच्या वर गेली. तीनशेहून अधिक कंपन्या उतरल्या आणि ग्रामोफोन कंपनीचा वाटा १५ टक्क्यांच्याही खाली आला. पायरसी ऐन भरात असलेल्या दशकात बाजार आक्रसला नाही, कित्येक पटींनी वाढला. चोरट्या प्रतींनी घराघरात कॅसेट वाजवण्याची सवय लावली; त्या सवयीवर नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी किंमत इतकी खाली आणली की चोरटी कॅसेट घेण्यात पूर्वीएवढा फायदा उरला नाही. पायरसी हटवण्यात पोलिसांच्या छाप्यांइतकाच हात स्वस्त अस्सल कॅसेटचा होता.

याच काळात दुसरा एक प्रकार फोफावला, तो व्हर्शन गाण्यांचा. मूळ रचनेच्या हक्कमालकाला नोटीस आणि ठरलेले मानधन दिले, की तेच गाणे दुसऱ्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला कायद्याची मुभा होती. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्या कुटुंबातून आलेल्या गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने या वाटेवर मोठा व्यवसाय उभारला. अनुराधा पौडवाल, कुमार सानू, सोनू निगम यांच्या आवाजांत जुनी गाणी नव्याने आली. ज्याच्या गळ्याने ते गाणे प्रसिद्ध झाले होते, त्या मूळ गायकाला यातून काही मिळण्याची तरतूद नव्हती. येथे बेकायदा असे काहीच नाही. तरीही गायकाच्या बाजूने पाहिले, तर चोरट्या प्रतीत निदान त्याचा आवाज राहत होता. कायदेशीर व्हर्शनमध्ये तोही गेला.

महाराष्ट्रात हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो लोकगीत, भक्तिगीत आणि भीमगीतांच्या कॅसेटींत. कॅसेट आली आणि जी गाणी मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेर होती, ती सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि यात्रांच्या वाटेवर मांडलेल्या टेबलांवर विकली जाऊ लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पंढरीच्या वाटेवर विठ्ठलगीतांतून आणि दादर चौपाटीला भीमगीतांतून ऐकू येई. त्या टेबलांवर अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी असत.

गायन पार्टीच्या गायकाचे पोट कॅसेटवर नव्हते, ते सुपारीवर होते. जयंतीच्या महिन्यात किती गावांची सुपारी मिळाली, यावर त्याचे वर्ष ठरे. त्याच्यासाठी कॅसेट म्हणजे त्याच्या आधी गावात पोहोचलेला निरोप. ती अस्सल की नकली, याने त्याला फारसा फरक पडत नसे. उलट नक्कल जितकी दूर जाई, तितकी सुपारी लांबून येई. पायरसी उपकारक म्हणणारे येथवर बरोबर आहेत.

पण त्याच गाण्याचा कवी सुपारी घेत नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) स्वतः गात, पण त्यांनी लिहिलेली हजारो गीते गाणारे इतर गायक अगणित. त्यांच्या आर्थिक ओढाताणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. अशा कवीला गाणे देतानाच मिळाले तर काही मिळे. पुढे प्रती दहा निघोत की लाख, त्याच्या घरी त्याचा आवाज पोहोचत नसे. मग चोरट्या प्रतीने त्याचे नेमके काय गेले? पैसा नव्हे, कारण तो कराराने आधीच गेलेला होता. जाण्यासारखे एकच उरले होते, नाव. आणि वामनदादांनी ते संतांच्या रीतीने शेवटच्या कडव्यात गुंफून ठेवले होते. वेष्टनावर कवीचा उल्लेख असो वा नसो, ‘वामन’ कानावर पडतोच. माझ्याकडच्या काही बिनपत्त्याच्या कॅसेटींत मात्र गाणी इतकी कोंबलेली आहेत, की बाजू संपते तेथे शेवटचे कडवे तुटते. भरणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. त्याची फीत संपली. पण सालोमालोने जे जाणूनबुजून केले, तेच फितीच्या लांबीने केले.

आणखी दोन नुकसाने आहेत, ती वादात सहसा येत नाहीत. पहिले छोट्या ध्वनिमुद्रकाचे. तालुक्याच्या गायकाला प्रथम माइकसमोर उभे करणारा हा माणूस दहा कॅसेटी काढी, त्यांतली एखादी चाले आणि ती बाकीच्या नऊंचा खर्च भागवी. नक्कल करणारा नेमकी तीच एक उचले. मोठ्या कंपनीकडे जुन्या गाण्यांचा साठा होता, ती तग धरे. हा छोटा माणूस पुढच्या वर्षी नवा गायक घ्यायला कचरे. ज्या गायकाला कधी बोलावलेच गेले नाही, त्याचे नुकसान कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

दुसरे नुकसान उशिरा येते. गळा चालतो तोवर गायकाला नक्कल जाहिरात वाटते. आवाज थकला, सुपाऱ्या थांबल्या, की त्याच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरते, तरुणपणीचा ध्वनिमुद्रित आवाज. तेव्हा तो पाहतो, तर कंपनीशी व्यवहार एकरकमी झालेला आणि बाजारातल्या प्रतींचा हिशेब कोणाकडेच नाही. तरुण गायकाला तारणारी नक्कल म्हातारपणी त्याच्या उपयोगाची नसते.

२०१२मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी केलेली वकिली प्रसिद्ध आहे. तोवर कॅसेट अडगळीत गेली होती आणि त्या पिढीतले बरेच कवी-गायक हयात नव्हते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. प्रयोगावर जगणाऱ्याला नक्कल हात देते, प्रतीवर जगणाऱ्याला मारते; आणि कोणी कशावर जगायचे, हे नक्कल करणारा ठरवत नाही, करार आणि कायदा ठरवतात. ज्याला प्रतीमागे काहीच मिळत नव्हते, त्याच्या नावाने पायरसीविरुद्ध अश्रू ढाळणे खरे नाही. त्याचबरोबर, त्याला तसेही काही मिळत नव्हते म्हणून चोरी निर्दोष ठरवणेही खरे नाही, कारण तिने त्याचे नाव आणि पुढच्या गायकाची संधी नेली.

हा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकालाही परका नाही. दिवाळीनंतर चार दिवसांत अंकांच्या पीडीएफ फोनवर फिरू लागतात. लेखकाचे मानधन बहुधा आधीच ठरलेले असते. फटका बसतो तो पुढच्या वर्षी नवा लेखक छापावा की नाही, या विचारात पडलेल्या छोट्या संपादकाला. आणि त्याच फोनवर एखादी कविता येते, खाली लेखकाचे नाव कापलेले आणि ‘लेखक अज्ञात’ असे लिहिलेले. ती पुढे पाठवण्याआधी कवीचे नाव शोधून लिहायला दोन मिनिटे पुरतात. वामनदादांच्या तुटलेल्या कडव्याचे आज काही करता येत नाही, या कवितेचे येते.