गाणें आधीं कीं गाण्याचें शास्त्र?

संगीताचें शास्त्र न शिकलेल्या माणसाला चांगली चाल सुचते काय, आणि शिकलेल्याला ती अधिक चांगली सुचते काय, हा प्रश्न हल्लीं संगणकावर गाणीं रचणाऱ्या तरुण मंडळींत मोठ्या हिरिरीनें विचारला जातो. यांच्यापुढें तंबोरा नाहीं, गुरु नाहीं. एक पडदा, कांहीं पट्ट्या आणि कानाला लावलेले हेडफोन एवढ्यावर सारा कारभार चालतो. उरण-पेणपासून अलिबाग-मुरूडपर्यंत लग्नसराईंत जीं हळदीचीं गाणीं दणाणतात, त्यांतलीं पुष्कळशीं अशाच रीतीनें तयार झालेलीं असतात. यंत्र नवें असल्यामुळें प्रश्नहि नवा वाटतो. वस्तुतः तो शंभरांहून अधिक वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या चर्चेंत जी एक विदुषी हजर होती, तिचें नातें याच किनाऱ्यावरील मुरूड-जंजिऱ्याशीं होतें.

जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांनीं १८७९ ते १९२२ पर्यंत राज्य केलें. त्यांची बेगम नाझली आणि तिची धाकटी बहीण अतिया या मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या आप्तवर्गांतल्या. अतियाचा जन्म १८७७ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें झाला. १९०६ मध्यें ती शिक्षिकेचें शिक्षण घेण्यासाठीं लंडनला गेली. पडद्याच्या त्या काळांत ही गोष्ट सामान्य नव्हे. पुढें १९१२ मध्यें तिनें सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशीं विवाह केला. हे गृहस्थ पुण्याचे, जातीनें बेने इस्रायल. म्हणजे ज्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळच्या नवगांव येथें किनाऱ्याला लागले असें परंपरा सांगते, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून कोंकणांत ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या समाजांतले. या दांपत्यानें लंडनमध्यें १९१४ सालीं हिंदी संगीतावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. मजकूर तिचा, चित्रें त्याची. स्वर, राग, ताल, वाद्यें यांची ओळख परक्यांना करून द्यावी हा त्याचा हेतु होता, आणि तेवढ्यापुरतें तें उपयोगीहि होतें. मात्र तें वाचून कोणी गवई झाल्याचें ऐकिवांत नाहीं. तशी त्या पुस्तकाची प्रतिज्ञाहि नव्हती.

१९१६ च्या मार्चमध्यें सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. अतिया बेगम तेथें होती आणि संगीताचें एक राष्ट्रीय विद्यापीठ असावें असा तिचा आग्रह होता. परंतु परिषदेचा खरा सूत्रधार म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. वाळकेश्वरास जन्मलेला हा वकील ऐन उमेदीच्या वर्षांत हिंदुस्थानभर हिंडला, ग्रंथालयें धुंडाळलीं, आणि खांसाहेबांच्या पायऱ्या झिजवून शेंकडों चिजा लिहून आणल्या. कांहींनीं त्या आनंदानें दिल्या, कांहींनीं हातच्या राखल्या. बापानें मुलाला ठेव म्हणून दिलेली चीज वहींत उतरवून द्यावयाची म्हणजे घरांतील दागिना सराफाच्या हातीं देण्यासारखेंच होतें. त्यांच्या नाखुषीला निव्वळ कोतेपणा म्हणणें अन्यायाचें होईल.

भातखंड्यांच्या ग्रंथांतली एक गोष्ट येथें फार महत्त्वाची आहे. त्यांनीं आपल्या संस्कृत ग्रंथाला नांव दिलें तें 'लक्ष्यसंगीत'. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायिलें जाणारें गाणें. जुन्या संस्कृत ग्रंथांतले राग आणि मैफलींत ऐकूं येणारे राग यांचा मेळ बसेना, तेव्हां त्यांनीं ग्रंथाला बाजूस सारलें आणि गाणें प्रमाण धरलें. दहा थाटांची त्यांची व्यवस्था ही अशी गाण्यामागून आलेली आहे. कांहीं राग तींत नीट बसत नाहींत हें टीकाकारांनीं दाखविलें आहे, आणि तें बरोबरहि आहे. पण कपाटाचे खण कमी पडले म्हणून कपाटच नको असें कोणी म्हणत नाहीं. पुढें १९२६ मध्यें लखनौस मॅरिस कॉलेज निघालें, क्रमिक पुस्तकें घरोघर गेलीं, आणि ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गाणें नव्हतें अशा मध्यम वर्गाच्या मुलामुलींना तें शिकतां येऊं लागलें. त्याची किंमतहि कोणीतरी मोजली. ज्यांना राग गातां येत होता पण त्याचा थाट सांगतां येत नव्हता, ते उस्ताद आणि त्या गायिका या नव्या व्यवस्थेंत एकाएकी 'अशिक्षित' ठरल्या. ज्यांच्या गळ्यांतून शास्त्र उतरवून घेतलें त्यांनाच शास्त्र येत नाहीं असें म्हणणें, हा त्या काळचा एक विलक्षण कृतघ्नपणा होय.

याच सुमारास यंत्राचा प्रश्नहि उभा राहिला होता, आणि तें यंत्र होतें आपली हातपेटी. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गांधार सुमारें ३८६ व्या भागावर येतो. पेटीची पट्टी मात्र ४०० वर बसविलेली असते, कारण विलायती पद्धतींत बाराहि स्वरांमधील अंतरें सारखीं केलेलीं आहेत. फरक चौदा भागांचा. ज्याच्या कानांत तंबोरा मुरला आहे त्याला तो टोचतो. ज्यानें जन्मभर पेटीच ऐकली त्याला त्याचा पत्ताहि नसतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यांतील क्लेमेंट्स साहेब यांनीं बावीस श्रुति गणितानें ठरवून त्याप्रमाणें पेटी बनविण्याचा खटाटोप केला. बडोद्याच्या परिषदेंत त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि भातखंड्यांच्या पक्षाला तो हिशोब मान्य झाला नाहीं. पुढें १९४० च्या मार्चपासून नभोवाणीनें पेटीला आपल्या घरांतून हद्दपारच केलें. तिच्याविरुद्ध ज्यांनीं जोरानें लिहिलें त्यांत दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फाऊल्ड्स हे होते. विलायतेंतून आलेल्या वाद्याला विलायतेच्याच माणसानें परकें ठरवावें, ही गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली.

आणि तरीहि याच सदोष पेटीवर गोविंदराव टेंबे यांनीं महाराष्ट्राला वेड लावलें. पेटी त्यांनीं बहुतांशीं आपल्या कानाच्या जोरावर साध्य केली. शाळेंत बसून कोणी त्यांना ती शिकविली नाहीं. १९११ मध्यें किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. म्हणून शिक्षणाची गरज नाहीं असें अनुमान काढणारे त्यांचें उदाहरण पुढें करतात. पण हें अनुमान फसवें आहे. ज्यानें भास्करबुवा बखल्यांना गुरु मानून त्यांचें गाणें मन भरून ऐकलें, अल्लादियाखांसाहेबांच्या सहवासांत मैफली अनुभवल्या, ख्यालांच्या आणि ठुमऱ्यांच्या चिजा ज्याच्या कानांत भरून राहिल्या होत्या, त्याला अशिक्षित कसें म्हणावें? त्याच्या शिक्षणाला वर्ग आणि परीक्षा नव्हत्या, एवढेंच.

पेटीनंतर विजेचीं वाद्यें आलीं. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगीनें सारा देश डोलला. ती पुंगी नव्हती. क्लॅव्हिओलिन नांवाचें फ्रान्समध्यें निघालेलें विजेचें वाद्य कल्याणजी वाजवीत होते. या वाद्यांत एका वेळीं एकच स्वर निघे. विलायती वादकाला ती उणीव वाटली असेल. आपल्या गाण्याला दुसरा स्वर हवाच कशाला?

खरी कसोटी लागली ती १९८२ मध्यें. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे गृहस्थ. जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांनीं जमविलीं: एक पट्ट्यांचें, एक ढोलताशांचें, आणि तिसरें मंद्र स्वरांचें, ज्याला टीबी-३०३ म्हणतात. त्यांवर त्यांनीं भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली. ती फारशी खपली नाहीं. इकडे तें ३०३ यंत्रहि बाजारांत पडलें. कंपनीनें थोड्याच वर्षांत तें बनविणें सोडून दिलें. मग अमेरिकेंत शिकागोच्या कांहीं तरुणांनीं असलेंच एक जुनें यंत्र स्वस्तांत मिळविलें, माहितीपुस्तकाशिवाय त्याच्या कळा फिरवीत बसले, आणि निघालेला चमत्कारिक चिरका आवाज त्यांना इतका आवडला कीं १९८७ मध्यें त्यांतून 'ॲसिड हाऊस' नांवाचा एक स्वतंत्र नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. त्यानंतर २०१० मध्यें चरणजित सिंगांची मुद्रिका नेदरलँड्समध्यें पुन्हा निघाली, तेव्हां लोक चकित झाले. शिकागोच्या पांच वर्षें आधीं तोच आवाज मुंबईंत निघाला होता! चरणजित सिंग २०१५ मध्यें वारले.

एकच यंत्र, आणि दोन वाटा. शिकागोच्या मुलांनीं यंत्राला विचारलें, तुझ्यापाशीं काय आहे? चरणजित सिंगांनीं त्याला सांगितलें, मला अमुक हवें आहे. त्या यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ज्याला मींड म्हणजे काय हें ठाऊक, त्याला ती सोय कशासाठीं वापरावी हें कोणी सांगावें लागत नाहीं. पहिल्या वाटेनें अगदीं नवें असें कांहीं हातीं लागलें, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. पण ती वाट लॉटरीची आहे. जुन्या यंत्राच्या कळा फिरवीत बसलेले असंख्य असतील, नांव राहिलें तें मूठभरांचें.

आजच्या संगणकापुढें बसलेल्या मुलाची अडचण याहून सूक्ष्म आहे. त्याच्या पडद्यावर सप्तक बारा पट्ट्यांचें येतें आणि ठेका सोळा घरांचा. घरें बदलतां येतात, स्वर वांकवितां येतो, एकेक पट्टी चौदा भाग खालीं उतरवितां येते. सगळी सोय आंत आहे, पण ती मागितल्याशिवाय पुढें येत नाहीं. दरबारीचा गांधार आंदोलित असतो हें ज्यानें ऐकलें नाहीं आणि वाचलेंहि नाहीं, तो यंत्राकडे तें मागणार कसें? त्रिताल सोळा मात्रांचा असल्यामुळें निभावून जातो. सात मात्रांचा रूपक आणि दहांचा झपताल मात्र न कळत गाण्यांतून गळून पडतात. गवयाच्या शिष्याला चूक दाखविणारा गुरु समोर असे. यंत्र चूक दाखवीत नाहीं. बेसूरहि तें मुकाट्यानें वाजवितें. म्हणून गुरुजवळ बसलेल्याला शास्त्र एक वेळ नसलें तरी चाले. एकट्यानें यंत्राशीं झगडणाऱ्याला तें अधिक हवें. मात्र तें कान तयार होत असतांना यावें. आधीं पुस्तक आणि मागून गाणें असा क्रम धरणाऱ्याला थाटांचीं नांवें येतील, चाल येणार नाहीं.

रायगडच्या आगरी वस्तींत लग्न लावण्यासाठीं अजूनहि कोठें कोठें धवलारीण येते. विधीच्या पायरीपायरीनें ती धवले गाते. तीं गाणीं तिनें दुसऱ्या धवलारणीमागें बसून वर्षानुवर्षें ऐकून पाठ केलेलीं असतात. स्वराचें नांव ती सांगूं शकणार नाहीं, आणि तिचा गांधार पेटीच्या पट्टीवर बसेल असा भरंवसा नाहीं. त्याच मांडवांत संध्याकाळीं संगणकावर घडविलेलीं गाणीं कर्ण्यांतून सुरू होतात. त्या गाण्यांच्या कर्त्यांपैकीं कोणी धवलारणीचा आवाज मुद्रित करून तिचा सूर यंत्रावर बसवूं पाहील, तेव्हां पहिल्याच ओळींत त्याला कळेल कीं तो पट्ट्यांच्या मधोमध कोठेंतरी पडतो. तेथें तो धवलारणीचा सूर 'दुरुस्त' करील कीं यंत्राची पट्टी खालीं उतरवील, हें त्याच्या कानावर काय पडलें आहे त्यावर ठरेल.