भिवंडीची खाडी व शिंपल्यांची वस्ती

भिवंडीचा इतिहास सामान्यतः बंदर, भात व माग यांच्या आधारे लिहिला जातो. कामवारी नदी ज्या खाडीस मिळते, तेथील खडकांवरील कालवांना व चिखलातील शिवल्या-तिसऱ्यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः हे मृदुकाय प्राणी प्रतिकूल पाण्यापासून दूर पळू शकत नाहीत. पाण्यातील प्रत्येक बदल त्यांना सोसावा लागतो, अन्यथा नष्ट व्हावे लागते. म्हणूनच त्यांच्या वस्तीतील चढउतार हा खाडीच्या इतिहासाचा एक पुरावा ठरतो. मात्र हा पुरावा वाचताना ऋतुमानाने होणारा क्षय व कायमचा ऱ्हास यांत भेद करणे अत्यावश्यक आहे.

या दृष्टीने ध्रुवीय समुद्राशी तुलना उद्बोधक होईल. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या समुद्रात पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास, वर्षभर जवळजवळ स्थिर असते. तेथे अन्नाचा पुरवठा अल्पकालीन उन्हाळ्यावर अवलंबून असतो, आणि हिमनगांच्या घर्षणाने उथळ तळावरील वस्ती पुसून निघते. परिणामी शिंपल्यांची वाढ मंद होते व उजाड झालेला तळ पुन्हा भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. वसईच्या खाडीस जोडलेल्या या निमखाऱ्या पाण्यात हिमाचे कार्य पाऊस करतो. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांस सुमारे ३५ भाग क्षार असतात. जून ते सप्टेंबर या काळात नद्यांच्या पुरामुळे खाडीतील हे प्रमाण झपाट्याने उतरते व गाळ साचतो. कालव शिंपा मिटून काही काळ तग धरते. कोवळ्या शिंपल्या मोठ्या प्रमाणात मरतात. तथापि उष्ण हवामानामुळे वाढ जलद होते आणि अनुकूल वर्षी हानी भरून निघते.

कोकण किनाऱ्यावरील या प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. आवटी व राय यांचा मुंबईच्या कालवावरील प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दुर्वे यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील केळवे येथील खाडीत कालवांचे निरीक्षण केले. अशा अभ्यासांमुळे क्षारतेतील बदल व प्रजननाचा काळ यांचा संबंध अभ्यासकांच्या ध्यानी आला.

परंतु गेल्या शतकात पाण्यावर निराळा भार पडला. भिवंडीत यंत्रमागांचा विस्तार झाला. कल्याण, उल्हासनगर व अंबरनाथ या परिसरात वस्ती व कारखाने वाढले. त्यांचे सांडपाणी उल्हास नदी व खाडीत उतरू लागले. पावसाचा आघात चार महिन्यांनी ओसरतो. सांडपाण्याचा भार मात्र बारमाही असतो, आणि नदीचा प्रवाह क्षीण झाल्यावर, उन्हाळ्यात, तो अधिकच जाणवतो. ज्या काळात खचलेली वस्ती पूर्ववत व्हावयाची, तोच काळ अशा रीतीने हिरावला जातो.

हा भेद केवळ विद्वत्तेचा विषय नव्हे. उधाणाच्या ओहोटीस खाजणात उतरून शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रियांची उपजीविका त्याच्याशी निगडित आहे. प्रत्येक क्षय पावसाच्या माथी मारल्यास मनुष्यकृत हानी दृष्टीआड होते. प्रत्येक मृत शिंपलीस कारखाना जबाबदार धरल्यास पुरावा दुबळा ठरतो. तेव्हा कोणत्या ओहोटीस, कोणत्या जागी, कोणती शिंपली मिळत असे, यासंबंधीची या स्त्रियांची माहिती दफ्तरातील कागदांइतक्याच काळजीने टिपली जावयास हवी. बंदर व मागांच्या इतिहासास तिच्यावाचून पूर्णता येणार नाही.