फेंडर फ्लेअर बदलताना पत्रा सांभाळा

डोंगरवाटा, चिखल आणि नदीपात्रे यांतून चालविण्यासाठी बनविलेल्या गाड्यांच्या चाकांवर काळ्या प्लॅस्टिकची एक पुढे आलेली कड दिसते. तिला ‘फेंडर फ्लेअर’ म्हणतात. महिंद्र थार किंवा जीप रँग्लर यांसारख्या गाड्यांना रांगडे रूप देणारी ही कड अनेकांना केवळ शोभेची वाटते. प्रत्यक्षात ती मडगार्डचाच विस्तार असते. दगडावर आपटून ती फुटते, उन्हाने पांढुरकी पडते, तिच्या क्लिपा सैल होतात किंवा मोठे टायर बसविल्यावर ती अपुरी पडते. अशा वेळी ती काढून नवी बसवावी लागते. हे काम साध्या हत्यारांनी घरीही होऊ शकते. मात्र फ्लेअर बसविणे हा त्यातील सोपा भाग आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षे दडून राहिलेल्या पत्र्याची काळजी घेणे, हे खरे काम होय.

फ्लेअर कशासाठी?

फिरणारे चाक चिखल, पाणी आणि खडी मागे व वर फेकते. हा मारा गाडीच्या अंगावर, काचेवर आणि मागून येणाऱ्या वाहनावर होऊ नये, यासाठी टायरची संपूर्ण रुंदी वरून झाकलेली असणे आवश्यक असते. युरोपात १९७८ मध्ये मोटारींसाठी केलेल्या नियमांत चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली असावी, अशी अट घालण्यात आली होती. फ्लेअरची रुंदी ठरविताना हे तत्त्व उपयोगी पडते.

२०२० मध्ये आलेल्या थारच्या १८ इंची चाकांवर २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर कंपनीकडून येतात. त्याऐवजी २८५ मिलिमीटरचे टायर बसविल्यास रुंदी ३० मिलिमीटरने वाढते. त्यांपैकी निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूस येते. त्यासोबत ऑफसेट २० मिलिमीटरने कमी असलेली रिम घेतली, तर टायरची कड मूळ जागेपेक्षा एकूण ३५ मिलिमीटर बाहेर जाते. नवी फ्लेअर निदान तेवढी रुंद नसेल, तर ती घेऊन उपयोग नाही.

बाजारात मिळणाऱ्या फ्लेअर प्रामुख्याने एबीएस, टीपीओ आणि फायबर ग्लास यांच्या असतात. एबीएस कडक असून त्यावर रंग चांगला बसतो, पण जोराच्या धक्क्याने ते तडकते. टीपीओ लवचिक असल्याने झाडाझुडपांत घासले तरी वाकून पूर्ववत होते. मात्र त्यावर रंग धरण्यासाठी आधी वेगळा प्रायमर मारावा लागतो. फायबर ग्लासची दुरुस्ती सोपी. पण ते जड असते आणि नेमके बसेलच असे नाही.

जुनी फ्लेअर काढताना

सर्वप्रथम चाकांच्या कमानी पाण्याच्या दाबाने धुऊन वाळू द्याव्यात. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि उरलेल्या चाकांना उटी लावावी. चाक काढायचे असल्यास त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कमानीत डोके घालणे जिवावर बेतू शकते. पुढच्या बाजूस अनेकदा चाक न काढता स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळविले, तरी पुरेशी जागा मिळते.

फ्लेअरमध्ये दिवा असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. रँग्लरच्या अलीकडच्या पिढ्यांत पुढच्या फ्लेअरमध्ये दिवे असतात. त्यांच्या जोडणीची खिटी दाबून ती सोडवावी. वायर धरून ओढू नये.

कमानीच्या आत प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते आणि फ्लेअरची आतली कड बहुधा प्लॅस्टिकच्या क्लिपांनी जोडलेली असते. या क्लिपेच्या मधोमध एक खिळा असतो. तो आधी वर उचलावा, मगच क्लिप बाहेर ओढावी. खिळा तसाच ठेवून जोर लावल्यास क्लिप तुटते. जुन्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात आणि काळजी घेऊनही काही तुटतातच. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच नव्या क्लिपा आणून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

बोल्टने बसविलेल्या फ्लेअरमध्ये गंज हा मोठा शत्रू असतो. बोल्टवर गंज सोडविणारे तेल फवारून १५ ते २० मिनिटे थांबावे. नंतर नेमक्या मापाच्या सॉकेटने बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा पुढे-मागे फिरवीत काढावा. मागचा नट सोबत फिरू लागल्यास तो पकडीने धरावा. बोल्टचे डोके तुटलेच, तर उरलेला भाग ड्रिलने काढावा. छिन्नीने ठोकल्यास पत्रा वाकतो.

सर्व जोडण्या सुटल्याची खात्री झाल्यावर फ्लेअर खालच्या टोकापासून हळूहळू ओढावी. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटल्यास ओरखडे पडत नाहीत. दुहेरी टेपने चिकटविलेली फ्लेअर असेल, तर हेअर ड्रायरने टेप गरम करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवावा. काढलेले बोल्ट आणि क्लिपा जागेच्या क्रमाने ठेवाव्यात, कारण त्यांची लांबी सगळीकडे सारखी असतेच असे नाही.

खरी परीक्षा पत्र्याची

फ्लेअर निघाली की तिच्यामागे वाळलेल्या चिखलाचा थर दिसतो. हा थर ओल धरून ठेवतो. फ्लेअरची कड गाडीच्या हादऱ्यांनी सतत घासत राहिल्यामुळे तिथला रंगही निघालेला असतो. रंग गेलेला पत्रा आणि कायम ओली माती एकत्र आली, की गंजाला दुसरे काही लागत नाही. कोकणातील खारी हवा किंवा वाळूतील मीठ यांत मिसळले, तर हा वेग आणखी वाढतो. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी याच जागी आतून पोखरत असते.

म्हणून लगेच नवी फ्लेअर चढवू नये. माती ब्रश व पाण्याने पूर्ण काढावी. गंजाचे डाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करावेत. खोलगट खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रासायनिक द्रव लावावा. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग द्यावा. बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल किंवा भोक पडले असेल, तर ते काम घरचे नव्हे. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्यासाठी गाडी डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराकडे न्यावी. पावसाळ्यातील दमट हवेत रंग नीट वाळत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात हे काम पावसाळा संपल्यावर करावे किंवा मेअखेरपर्यंत उरकावे.

नवी फ्लेअर बसविताना

प्रथम फ्लेअर नुसती धरून सर्व भोके जुळतात का, ते पाहावे. मूळ भोकांत बसणारी फ्लेअर नेहमीच श्रेयस्कर, कारण नवे प्रत्येक भोक म्हणजे गंजाला नवे दार होय. भोक पाडणे अटळ असेल, तर जागेवर टेप लावून खूण करावी. आतल्या बाजूस वायरिंग नाही, तसेच मागच्या चाकाजवळ टाकीत इंधन नेणारी नळी नाही, याची खात्री झाल्याशिवाय ड्रिल हाती घेऊ नये. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून मग ते मोठे करावे. कडेचा कीस घासून काढावा, उघड्या धातूवर प्रायमर व रंग लावावा आणि तो वाळू द्यावा. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी वगळली जाते.

फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी असावी, म्हणजे घर्षण टळते. सर्व बोल्ट आधी हाताने सैलसर लावावेत. नंतर मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात ते आवळावेत. धातूच्या बोल्टखाली रुंद वॉशर घालावा. प्लॅस्टिक दबू लागले की थांबावे, अधिक जोर लावल्यास भोकापाशी तडा जातो. खालच्या टोकाशी सिलिकॉन भरून फट बुजविण्याचा मोह टाळावा. वरून शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट तीच असते.

शेवटी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हे पाहावे. दरवाजे उघडून पाहावेत, दिवे तपासावेत. खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शन दबल्यावर टायर वर येतो, हेही लक्षात घ्यावे. सुमारे १०० ते २०० किलोमीटर धावल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा काय सांगतो?

फुटलेल्या फ्लेअरच्या जागी कंपनीची तशीच फ्लेअर बसविणे ही दुरुस्ती होय. मात्र गाडी रुंद करणे, मोठे टायर घालणे किंवा कमान कापणे हा निराळा विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरतो, तो वेगळाच.

फ्लेअर काही काळाने पुन्हा फुटेल आणि पुन्हा नवी मिळेल. कमानीचा पत्रा मात्र गाडीच्या सांगाड्याशी जोडलेला असतो आणि तो सहजी बदलता येत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर कमानी आतून धुऊन घ्याव्यात आणि फ्लेअरच्या कडेने रंगाला फुगा आलेला दिसताच ती उघडून पाहावी. तेव्हा अर्ध्या दिवसात निभावणारे काम पुढे ढकलल्यास पत्रा कापण्यापर्यंत जाते.