कोरोनात जुना आजार का नडला? शुगर, बीपी, दमा असलेल्यांनी काय लक्षात ठेवावं

कोरोनाच्या लाटांमध्ये गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जायचा. एकाच घरातले चार जण पॉझिटिव्ह आले. तिघं आठ-दहा दिवसांत बरे होऊन शेतात कामाला लागले, चौथा ऑक्सिजनवर गेला तो परत आलाच नाही. असं का झालं? कुणी नशिबाला दोष दिला, कुणी डॉक्टरला. पण केसपेपर उघडून पाहिला तर बऱ्याचदा त्यात एक नोंद असायची, ती म्हणजे रुग्णाला आधीपासून शुगर, बीपी, हृदयाचा नाहीतर किडनीचा आजार. सरकारी भाषेत याला 'सहव्याधी' म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र कायमचा गेलेला नाही. त्यामुळे ज्या घरात जुन्या आजाराचं माणूस आहे, त्या घराने हा विषय समजून घेणं गरजेचं आहे.

आकडे काय सांगतात?

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने ४४ हजार ६७२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात दर १०० रुग्णांमागे मृत्यूचं प्रमाण असं होतं:

- सर्व रुग्ण मिळून: २.३
- कोणताही जुना आजार नसलेले: ०.९
- हृदयविकार असलेले: १०.५
- मधुमेह असलेले: ७.३
- फुप्फुसाचा जुना आजार असलेले: ६.३
- उच्च रक्तदाब असलेले: ६.०
- कर्करोग असलेले: ५.६

हे आकडे साथीच्या अगदी सुरुवातीचे आहेत. तेव्हा लस नव्हती, उपचार पक्के ठरले नव्हते आणि सौम्य रुग्ण मोजणीत कमी यायचे. शिवाय जुने आजार असणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त असतात आणि वय हाच कोरोनातला सगळ्यात मोठा धोका ठरला. त्यामुळे आज तेवढे मृत्यू होतील असा अर्थ काढू नये. पण जुना आजार असलेल्याला धोका जास्त, ही गोष्ट नंतर अनेक देशांतल्या अभ्यासांतही दिसली.

त्या आकड्यांची दुसरी बाजूही बघावी. मधुमेह असलेल्या १०० पैकी ९० हून जास्त रुग्ण त्या काळातही वाचले. म्हणजे जुना आजार आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही, सावध मात्र राहायला हवं.

शरीरात नेमकं काय होतं?

पाण्याचा ताण बसलेल्या पिकावर रोग लवकर पसरतो, तसंच माणसाच्या शरीराचं आहे.

मधुमेह: रक्तात साखर सतत जास्त राहिली की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त पडतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही खराब झालेलं असतं. त्यात कोणताही मोठा संसर्ग झाला की साखर आणखी वाढते. इंग्लंडमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साखर ताब्यात ठेवणाऱ्यांपेक्षा साखर बेताल असणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणजे शुगर आहे का, यापेक्षा ती किती आहे हे महत्त्वाचं.

हृदयविकार आणि रक्तदाब: फुप्फुसातून ऑक्सिजन कमी मिळायला लागला की हृदयाला जास्त जोराने काम करावं लागतं. आधीच कमजोर असलेलं हृदय तो ताण सोसत नाही. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो.

किडनी: किडनीच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी असते. डायलिसिसवर असलेल्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा दवाखान्यात जावंच लागतं, म्हणजे संसर्गाची शक्यताही जास्त.

फुप्फुस: बिडी-सिगारेट किंवा वर्षानुवर्षं चुलीचा धूर यामुळे ज्यांची फुप्फुसं खराब झाली आहेत, त्यांच्याकडे शिल्लक ताकद कमी असते. टीबी होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसावरही व्रण राहिलेले असतात. साधा दमा नियमित पंपाने ताब्यात असेल तर धोका वाटला तितका वाढत नाही. दम्यासाठी वारंवार स्टेरॉईडच्या गोळ्या लागणाऱ्यांनी जास्त जपावं.

लठ्ठपणा: पोटाचा घेर मोठा असला की झोपल्यावर फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही. म्हणून वय कमी असूनही लठ्ठ माणसं गंभीर झाल्याचं दिसलं.

माहीत नसलेला आजार जास्त घातक

'मला काही नाही, मी ठणठणीत आहे' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना आपल्याला शुगर आहे हे कोरोनासाठी दवाखान्यात भरती झाल्यावरच कळलं. शुगर आणि बीपी बरीच वर्षं कुरकुर न करता अंगात राहतात. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, तर प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे.

राज्यात १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली. पथकांनी घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला, जुन्या आजारांची विचारपूस केली. विचारपूस करण्यामागे हेच कारण होतं. कुणाला आधी जपायचं हे त्यावरून ठरतं. त्यामुळे आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी विचारलं तर आजार लपवू नका. लग्नाचं जमायचंय म्हणून नाहीतर लोक काय म्हणतील म्हणून लपवलेली शुगर ऐनवेळी जिवावर बेतते.

स्टेरॉईड: वेळेवर औषध, अवेळी विष

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत सुमारे एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांत सुमारे एक पंचमांश मृत्यू कमी झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

तरीही दुसऱ्या लाटेत पहिल्याच तापाला स्टेरॉईड घेतल्याचे प्रकार झाले. स्टेरॉईडने साखर झपाट्याने वाढते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'काळी बुरशी', पसरली तेव्हा तिच्या रुग्णांत मधुमेही आणि स्टेरॉईड घेतलेले जास्त होते. कोरोनानंतर एका बाजूचा चेहरा सुजणं, डोळा दुखणं, नाकातून काळपट स्राव, दात हलणं असं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नये. ताप लगेच उतरवणारं इंजेक्शन मागून घेऊ नये. कुणी देत असेल तर त्यात काय आहे हे विचारावं आणि आपल्याला शुगर असल्याचं आधी सांगावं.

जुना आजार असलेल्यांनी काय करावं?

१. शुगर-बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरोना वाढतो अशी चर्चा २०२० मध्ये झाली होती. नंतरच्या चाचण्यांत त्या चालू ठेवल्याने नुकसान होत नसल्याचं दिसलं.

२. किमान एक महिन्याच्या गोळ्या घरात ठेवा. गोळ्यांची नावं आणि डोस कागदावर लिहून तो कागद घरच्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.

३. ताप, खोकला, अंगदुखी आली तर अंगावर काढू नका. दुसऱ्याच दिवशी तपासणी करा. उलट्या होत असतील किंवा जेवण बंद झालं असेल तर शुगरच्या गोळीचा डोस डॉक्टरांना विचारूनच घ्या, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.

४. किडनीचा त्रास असलेल्यांनी अंगदुखीच्या जोरदार गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणू नयेत.

५. घरी ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून तीन-चार वेळा मोजा. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आकडा ९४ च्या खाली आला, बोलताना दम लागला, छातीत दुखलं किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर १०८ ला फोन करा. कोरोनात दम लागण्याआधीच ऑक्सिजन उतरलेला असू शकतो. ज्यांच्या फुप्फुसाचा आजार जुना आहे त्यांचा आकडा एरवीही कमी असतो. आपला नेहमीचा आकडा किती, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

६. देशात १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील आणि ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधी असलेल्या नागरिकांना लस आधी दिली गेली, कारण लसीचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांनाच होता. पुढचा डोस घ्यायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

७. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने वयस्कर आणि आजारी माणसापासून लांब झोपावं, मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बीपी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. बाजाराला तालुक्याला जाताना किंवा रेशन आणायला जाताना घरातल्या आई-वडिलांना सोबत न्या आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. साथ पुन्हा कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. ती येईल तेव्हा आपली शुगर आणि बीपी ताब्यात असणं मात्र बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.